सागरतीरीच्या नगरीत सात महिने

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्या चिटणीसांनी आम्हांस आज्ञा केली की, आपण चेन्नई शहरी सात महिने राहून आलात, तर तेथे काय पाहिले आणि काय वाटले ते सभासदांस सांगावे. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकून प्राथमिक शाळेत सारी हयात घालविलेले गृहस्थ आहोत. प्रवासवर्णने लिहिणाऱ्यांची प्रतिभा आमच्यापाशी नाही. तथापि आजच्या सभेत अशी घरे थोडीच असतील, की ज्यांतील मुलगा, मुलगी, सून वा जावई पोटापाण्यासाठी परप्रांती गेलेला नाही किंवा जाण्याच्या बेतात नाही. म्हणून हा विषय आमच्या एकट्याच्या हौसेचा राहत नाही, असे मनाशी ठरवून आम्ही आपल्यापुढे उभे राहिलो आहोत.

प्रथम जाण्याचे कारण सांगतो. आमचे चिरंजीव चाकणच्या परिसरात मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात नोकरीस होते. त्यांची बदली चेन्नईनजीक ओरगडम येथे झाली. सूनबाई आणि आठ वर्षांचा नातू यांना घेऊन ते तांबरम ह्या उपनगरात बिऱ्हाड करून राहिले. कारखान्यातील पाळ्यांचे काम, मूल लहान आणि गाव अगदीच अनोळखी. तेव्हा आम्ही उभयतांनी काही महिने येऊन राहावे, असे मुलाचे पत्र नव्हे, पण दूरध्वनी आले. २०२३ च्या ऑगस्टात आम्ही पुण्यास गाडीत बसलो. सोलापूर, वाडी, गुंटकल, रेणिगुंटा अशी स्थानके मागे टाकीत सुमारे वीस तासांनी चेन्नईस उतरलो, ते २०२४ च्या फेब्रुवारीपर्यंत तेथेच राहिलो.

घाटमाथ्यावरच्या माणसास समुद्रकाठी प्रथम जाणवते ती हवा. आपल्याकडे भाद्रपदात संध्याकाळी पवनेकाठी गेले तर अंगावर पातळ उपरणे घ्यावेसे वाटते. तेथे रात्री दहा वाजताही सदरा अंगास चिकटलेला असतो. लोखंडी कडी, कुलूप, सायकल, काही म्हणता काही गंजावाचून राहत नाही. बरणीतले मीठ चार दिवसांत ओले होते आणि पापड डब्यातून काढताच मऊ पडतात. सौभाग्यवतींची पहिली तक्रार समुद्राविषयी नव्हती, पापडांविषयी होती!

पहिल्याच रविवारी चिरंजीव आम्हांस मरीना किनाऱ्यावर घेऊन गेले. आपण पाहिलेला समुद्र हा कोकणातला किंवा मुंबईचा. तो पश्चिमेस असतो, त्यात सूर्य मावळतो आणि पाठीशी सह्याद्री उभा असतो. तेथे सूर्य समुद्रातून वर येतो, आणि पाठ फिरवून पाहावे तर जमीन दृष्टी पोहोचेल तेथवर सपाट. मुंबईस भरती-ओहोटीचे अंतर मोठे, उधाणाला तर चार मीटरांहूनही अधिक. चेन्नईस ते जेमतेम एक मीटर भरते. मरीनाची वाळू इतकी रुंद, की रस्त्यावरून पाण्यापर्यंत चालता चालता आमचे गुडघे बोलू लागले. ही वाळू फार जुनी नाही, हे ऐकून नवल वाटले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंदराच्या भिंती समुद्रात घातल्या गेल्या, तेव्हा दक्षिणेकडून वाहत येणारी वाळू तेथे अडली आणि किनारा वाढत गेला. उलट बंदराच्या उत्तरेकडील वस्तीची जमीन समुद्र खात राहिला. एका बाजूची भर म्हणजे दुसऱ्या बाजूची झीज, हा निसर्गाचा हिशेब त्या किनाऱ्यावर उघड वाचावयास मिळतो.

त्याच किनाऱ्यावर चार श्रमिक एक अवजड शिळा हलवीत आहेत असे शिल्प आहे. देवीप्रसाद रायचौधुरी ह्यांनी घडविलेले हे शिल्प १९५९ साली तेथे उभे राहिले. भारतात १ मे हा कामगारदिन प्रथम पाळला गेला तो १९२३ साली, सिंगारवेलर ह्यांच्या पुढाकाराने, ह्याच मद्रास शहरी. आपण १ मे हा महाराष्ट्र दिन म्हणून साजरा करतो. आपली वस्ती तर नखशिखांत कामगारांची. भोसरी-आकुर्डीच्या कोणाही सभासदाने तेथे गेल्यास त्या शिल्पापुढे दोन क्षण उभे राहावे, असे आम्हांस वाटते.

शहर म्हणून चेन्नई आपल्यापेक्षा वयाने फारच वडील आहे. मद्रासचा जन्मदिवस २२ ऑगस्ट १६३९ हा मानतात आणि तेथील महानगरपालिका १६८८ सालची, म्हणजे आपल्या देशातील सर्वांत जुनी. आपली पिंपरी-चिंचवड नगरपालिका १९७० ची आणि महानगरपालिका १९८२ ची. हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ साली पिंपरीस आला, तेव्हा ही खेडीच होती. असे असूनही दोन्ही ठिकाणी आज माणसे एकाच कामासाठी येतात. श्रीपेरुंबुदूर, ओरगडम, मरैमलैनगर हा त्यांचा मोटारींचा पट्टा. चाकण, तळेगाव, रांजणगाव हा आपला. सकाळी सहा वाजता ओरगडमच्या नाक्यावर कारखान्यांच्या बसगाड्यांची रांग पाहिली, तेव्हा फलकांवरची लिपी सोडली तर आपण चाकण चौकात उभे आहोत, असेच वाटले.

संकटेही सारखीच आहेत. आपल्या तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना २०२० च्या अखेरीस थांबला. आम्ही चेन्नईस पोहोचलो त्याच महिन्यात ह्युंदाईने तो घेण्याचा करार केला. तिकडे मरैमलैनगरचा फोर्डचा कारखाना २०२२ साली थांबला. अर्थात नोकरी आहे तोवर गाव आपले, अशी आजच्या मुलांची स्थिती आहे. आम्ही एका गावात जन्मलो, त्याच तालुक्यात नोकरी केली आणि तेथेच सेवानिवृत्त झालो. आमच्या नातवास हे भाग्य लाभेल, असे दिसत नाही. त्याला तीन-चार गावे आपली म्हणावी लागतील, आणि ती कशी म्हणावी हे कोणीतरी शिकवावे लागेल.

येथून आम्ही मुख्य गोष्टीकडे येतो. परक्या शहरात सर्वांत कठीण असतो तो पहिला महिना, आणि त्यातही कठीण असते ती भाषा. आम्ही चाळीस वर्षे मुलांस अक्षरओळख करून दिली. तांबरमच्या रस्त्यावर मात्र आम्ही निरक्षर होतो. बस कोठे जाते, दुकानात काय मिळते, औषधाच्या पुडीवर काय लिहिले आहे, काहीच वाचता येईना. आपल्याकडे दक्षिणेचा कोणीही आला की त्याला सरसकट 'मद्रासी' म्हणतात, मग तो केरळचा असो की कर्नाटकाचा. तेथे आम्हांस 'हिंदीकार' म्हणत. आम्ही चिंचवडचे, मोरया गोसावींच्या गावचे, मराठी मातीतले. आणि आमची गणना हिंदी बोलणाऱ्यांत व्हावी! हसू आले, आणि ते 'मद्रासी' शब्दाचे परतफेडीचे नाणे आहे, हेही ध्यानात आले.

सूनबाईंची स्थिती अधिक अवघड होती. चिरंजीव कारखान्यात गेले की बारा-बारा तास घरात दुसरे मोठे माणूस नाही. भाजीवाली दारात येई, पण भाव विचारावा कसा? एके दिवशी रस्त्यावर फेरीवाला 'मोर, मोर' असे ओरडत आला. नातू धावत खिडकीशी गेला आणि मोर कोठे दिसेना म्हणून रडकुंडीस आला. मागाहून कळले की तमिळ भाषेत मोर म्हणजे ताक. दुसरा प्रसंग शेजारच्या अम्मांचा. त्या रोज सायंकाळी जिन्यात भेटल्या की 'साप्टींगळा?' असे विचारीत. सौभाग्यवतींस वाटे, जिन्यात साप निघाला की काय. त्याचा अर्थ इतकाच, की तुमचे जेवण झाले का? त्या देशी क्षेमकुशल विचारण्याची ही रीत आहे. ज्या भाषेत माणसाची चौकशी जेवणापासून सुरू होते, ती भाषा परकी मानण्याचे कारण नाही, असे आम्ही त्याच दिवशी ठरविले.

तमिळनाडूत २००६ च्या कायद्यान्वये शाळांतून तमिळ शिकणे टप्प्याटप्प्याने सक्तीचे झाले. आपल्याही राज्याने २०२० साली मराठीसंबंधी असाच कायदा केला. ह्यास्तव नातवास तमिळ मुळाक्षरे गिरविणे भाग होते, आणि त्याच्या शेजारी पाटी घेऊन आम्हीही बसलो. शिकविणाऱ्या त्याच शेजारच्या अम्मा. शिक्षकाच्या नजरेने पाहता त्या लिपीत दोन गोष्टी मौजेच्या आढळल्या. क, ख, ग, घ ह्या चारांसाठी तेथे एकच अक्षर आहे. उच्चार संदर्भाने समजून घ्यावयाचा. आणि दुसरी गोष्ट अशी, की शुद्ध हिंदीत नसलेला आपला ळ तेथे घरोघर आहे. नातवाचा ळ ऐकून अम्मा प्रसन्न झाल्या. उत्तरेकडच्या मुलांस तो साधत नाही, असे त्यांचे म्हणणे.

पुढे शब्द ओळखीचे निघू लागले. वडील भावास अण्णा आणि वडील बहिणीस अक्का ही हाक त्यांचीही आणि आपलीही. सुट्या पैशांस आपण चिल्लर म्हणतो, ते चिल्लरै म्हणतात. जास्तीला जास्ती. चावीला त्यांच्याकडेही चावीच, आणि गवंडीकामावरचा मुख्य तो मेस्त्री. हे दोन्ही शब्द पोर्तुगीजांनी दोन्ही किनाऱ्यांवर उतरविलेले. सूनबाईंनी ह्या ओळखीच्या शब्दांची एक वही केली. दोन महिन्यांत त्या भाजीवालीशी घासाघीस करू लागल्या, आणि ज्या दिवशी भाजीवालीने त्यांस 'अक्का' म्हणून आपणहून मूठभर कढीलिंब अधिक दिला, त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावरचा परकेपणा प्रथमच उतरलेला आम्ही पाहिला.

सप्टेंबरात चतुर्थी आली. चिंचवडच्या माणसास गणपतीवाचून भाद्रपद सुना वाटतो. तेथे नाक्यानाक्यावर, पिंपळाखाली गणपतीची लहान देवळे आहेत; त्यांस पिळ्ळैयार म्हणतात. चतुर्थीस बाजारात शाडूसारख्या मातीच्या मूर्ती येतात आणि मूर्तीबरोबर रंगीत कागदाची इवलीशी छत्री मिळते. उकडीच्या मोदकास ते कोळुक्कट्टै म्हणतात. सौभाग्यवतींनी आपले मोदक केले, अम्मांनी त्यांचे केले, आणि ताटे एकमेकींच्या घरी गेली. येथून येणे-जाणे सुरू झाले.

आता पावसाविषयी सांगावयास हवे. कारण आमच्या वास्तव्यातील सर्वांत गंभीर प्रसंग पावसाचाच आहे. आपला पाऊस नैर्ऋत्येकडून, जून ते सप्टेंबर. चेन्नईचा मुख्य पाऊस ईशान्येकडून, ऑक्टोबर ते डिसेंबर. वर्षाच्या निम्म्याहून अधिक पाणी ह्या तीन महिन्यांतच पडते. जेव्हा आपल्याकडे दिवाळीचे कोरडे गार वारे वाहतात, तेव्हा तेथे छत्र्या निघतात. पाण्याच्या बाबतीत ते शहर दोन्ही टोके भोगते. २०१५ च्या डिसेंबरात महापुराने ते बुडाले, आणि २०१९ च्या उन्हाळ्यात तलाव इतके आटले, की जोलारपेट्टैहून आगगाडीने पिण्याचे पाणी आणावे लागले. आपल्याकडे २०१६ साली मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी गेली होती, त्याची आठवण व्हावी. पावसाचे पाणी जमिनीत मुरविण्याची व्यवस्था प्रत्येक इमारतीस असलीच पाहिजे, असा नियम तमिळनाडूने २००३ मध्येच केला. आमच्याही बिऱ्हाडाच्या अंगणात तसा खड्डा होता.

३ डिसेंबर २०२३, रविवार. मिचाँग नावाचे चक्रीवादळ किनाऱ्याजवळून जाणार, असे वर्तमान होते. चिरंजीव कारखान्याच्या कामासाठी पुण्यास गेलेले. घरी आम्ही उभयता, सूनबाई आणि नातू. आमचे बिऱ्हाड तळमजल्यावर. रात्रभर पाऊस कोसळला आणि सोमवारीही खळला नाही. वीज गेली, त्यापाठोपाठ दूरध्वनीही मुके झाले. दुपारी रस्त्यावरून ध्वनिक्षेपक लावलेली रिक्षा गेली. काहीतरी निकडीची सूचना होती. पण ती तमिळमध्ये होती आणि इतक्या जलद, की आमच्या चार महिन्यांच्या अभ्यासास त्यातील एकच शब्द कळला: 'तण्णी', म्हणजे पाणी. किती, कोठून, केव्हा, हे काहीच उमगेना. शहाण्यासुरत्या माणसाला भर वस्तीत असे बहिऱ्यासारखे उभे राहावे लागणे किती भयंकर असते, ते शब्दांत सांगता येणार नाही.

तोच दार वाजले. अम्मांचा कॉलेजात जाणारा नातू गुडघाभर पाण्यातून जिना उतरून आला होता. त्याने इंग्रजीत दोन वाक्ये सांगितली आणि आमच्या उत्तराची वाट न पाहता आमच्या नातवास खांद्यावर घेतले. आम्ही कागदपत्रे, औषधे आणि ज्वारीच्या पिठाचा डबा एवढेच उचलले. तासाभरात आमच्या स्वयंपाकघरात पाणी शिरले. तांदूळ, डाळी, गाद्या सारे भिजले. वरच्या मजल्यावर अम्मांच्या दोन खोल्यांत तीन बिऱ्हाडांची मिळून अकरा माणसे दोन रात्री राहिली. त्यांपैकी तिसरे बिऱ्हाड ओडिशाच्या कामगारांचे होते.

सौभाग्यवतींस मधुमेहाचे इंजेक्शन नित्य लागते आणि ते थंड ठेवावे लागते. वीज नाही, तर शीतकपाट निरुपयोगी. अम्मांनी मातीच्या मडक्यात पाणी घालून त्यात लहान भांडे ठेवले, भांड्यात औषध ठेवून वर ओले फडके बांधले आणि दर दोन तासांनी ते स्वतः भिजवीत राहिल्या. औषध टिकले. ह्या उपकाराचे मोल आम्ही काय सांगावे! शेगडीवर त्यांचा ताकभात होता, आणि सौभाग्यवतींनी आपल्या पिठाच्या भाकरी थापल्या. ओडिशाच्या मुलांनी दोन्ही मनःपूत खाल्ले. त्या दोन रात्रींत कोणी कोणास जात विचारली नाही, प्रांत विचारला नाही. विचारले गेले ते एकच: साप्टींगळा?

पाणी ओसरल्यावर चिरंजीव परतले, आणि घरात गंभीर प्रश्न उभा राहिला. नोकरी सोडून चिंचवडला परत यावे काय? आमचे मन परत यावे ह्या बाजूस होते, हे आम्ही लपवीत नाही. परंतु सूनबाईंनी शांतपणे सांगितले की, "बाबा, पहिल्या महिन्यात विचारले असते, तर मी त्याच दिवशी सामान बांधले असते. आता येथे मला हाक मारणारी माणसे आहेत." त्यावर बोलण्यासारखे काही उरले नाही. जानेवारीत पोंगल आले. आदल्या दिवशी त्यांचीही भोगी असते. आपण भोगीस बाजरीची भाकरी आणि मिसळीची भाजी करतो. ते पहाटे घरातील जुने, टाकाऊ असेल ते जाळतात. पुरात कुजलेल्या चटया आम्ही त्यांच्या भोगीत जाळल्या आणि घरी आपली भोगी केली. फेब्रुवारीत आम्ही परतलो. चिरंजीवांचे बिऱ्हाड तेथेच आहे.

परतण्यापूर्वी तंजावरास जाऊन आलो. आपला पुणे-चाकणचा मुलूख शहाजीराजांच्या जहागिरीतला. तो धाकट्या मातोश्रींच्या पोटच्या व्यंकोजींकडे न जाता शिवरायांकडे आला. व्यंकोजींनी १६७६ च्या सुमारास तंजावरास राज्य स्थापिले आणि ते वंशजांकडे १८५५ पर्यंत राहिले. बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेला भोसले घराण्याचा मराठी शिलालेख आहे. चाकणपासून हजाराहून अधिक किलोमीटर दूर, तमिळ शिल्पांच्या मधोमध, आपली भाषा दगडावर वाचताना ऊर भरून आला. सरफोजीराजांनी वाढविलेला सरस्वती महाल ग्रंथालय तेथे आजही आहे. त्या काळी गेलेल्यांचे वंशज घरात एक प्रकारची मराठी बोलतात आणि बाहेर अस्सल तमिळ. त्यांच्यातूनच कुंभकोणमचे सर टी. माधवराव निघाले, ज्यांनी त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे अशा तीन संस्थानांचे दिवाणपद भूषविले.

आणखी एक गोष्ट चिंचवडकरांस विशेष प्रिय वाटेल. एकोणिसाव्या शतकात रामचंद्रबुवा मोरगावकर नावाचे कीर्तनकार तंजावरास गेले. आपल्या कीर्तनाचा ढंग, साकी, दिंडी, ओवी, अभंग, हे सारे तमिळ हरिकथेने आत्मसात केले आणि तंजावरच्या कृष्ण भागवतरांनी त्यास नवे रूप दिले. मोरगाव आणि चिंचवड ह्यांचा संबंध मी आपणांस सांगावयास नको. सांगावयाचे ते हे, की त्या मराठी मंडळींनी आपले सोडले नाही आणि शेजाऱ्याचे नाकारले नाही. म्हणूनच ती तीन शतकांहून अधिक काळ टिकली. सांगली जिल्ह्यातील विटा-आटपाडीकडचे सोने-चांदी गाळणारे गलाई बांधव आज तमिळनाडूच्या गावोगावी आहेत; तेही ह्याच वाटेने चालतात.

संस्थेच्या दृष्टीने एक उदाहरण घ्यावे. मद्रासमधील मराठी मंडळींनी १९१२ साली गरजू मराठी विद्यार्थ्यांच्या साहाय्यासाठी 'मराठा एज्युकेशन फंड' काढला. दूरदेशी स्थिरावलेल्या लोकांनी केवळ स्नेहभोजनावर समाधान न मानता शिक्षणाची सोय पाहिली, हे आपल्या मंडळाने लक्षात घेण्याजोगे आहे.

बंधुभगिनींनो, आता समारोपाचे चार शब्द. पिंपरी-चिंचवड ही आलेल्यांचीच नगरी आहे. २०११ च्या शिरगणतीत येथील लोकसंख्या १७ लाखांवर गेली; ती काही येथल्या मूळच्या घरांतून वाढलेली नव्हे. आपल्या मंडळातीलही किती कुटुंबे सातारा, सोलापूर, धाराशिव, बीड येथून पाठीवर वळकटी घेऊन आली, हे वडीलधाऱ्यांस स्मरत असेल. तेव्हा ज्यांनी पहिल्या महिन्यात हात दिला, त्यांची नावे आजही आपल्या घरांतून आदराने घेतली जातात. कोणत्याही शहराविषयी माणसाचे पहिले मत बनते ते इमारतींवरून वा समुद्रावरून नव्हे. पहिल्या महिन्यात दार कोणी वाजविले, ह्यावरून बनते.

ह्यास्तव आमच्या तीन विनंत्या आहेत. पहिली, आपल्या स्मरणिकेत वधूवर सूची असते, तशीच परप्रांती राहणाऱ्या सभासदांची नगरवार सूची असावी. म्हणजे नव्याने जाणाऱ्या मुलास उतरल्या दिवशी एक तरी ओळखीचे घर लाभेल. दुसरी, येथे नवीन आलेल्या कुटुंबाकडे त्या त्या विभागाच्या सभासदाने आठ दिवसांच्या आत जाऊन यावे, आणि विशेषेकरून घरातील भगिनींची विचारपूस भगिनींनी करावी. तिसरी विनंती थोडी वेगळी आहे. चाकण, मोशी, भोसरी येथे तमिळ, ओडिया, बिहारी अशी किती बिऱ्हाडे आपल्या शेजारी आहेत. त्यांच्या मुलांस आणि स्त्रियांस व्यवहारापुरती मराठी शिकविण्याचा वर्ग मंडळाच्या सभागृहात आठवड्यातून दोन सायंकाळी चालावा. त्यास वेतन नको. शिकविण्यास आम्ही स्वतः येऊ. पवनेला पूर येतो तेव्हा सूचना मराठीतच दिली जाते. ती ऐकून आपल्या शेजारचा कोणी भांबावून उभा राहू नये.

ज्ञातिमंडळ आपल्या माणसांसाठी असते, हे खरे. पण त्या वादळी रात्री आमच्यासाठी जे घर उघडले, ते आमच्या ज्ञातीचे नव्हते. त्या ऋणाची फेड चेन्नईस जाऊन करणे आम्हांस शक्य नाही. ती येथेच, आपल्या दारी आलेल्या परक्या माणसाच्या ठायी करावी लागेल. वर्गाचा प्रस्ताव कार्यकारिणीने ह्याच वर्षी विचारात घ्यावा, अशी अध्यक्षमहाराजांस प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.